सात बावन्नचा वटवट्या

रविवार, १४ डिसेंबर. सकाळी सात वाजून बावन्न मिनिटे.

भाचेसाहेब,

वरची तारीख या पत्राची नाही. पत्र मी सोमवारी, ५ जानेवारीला लिहिते आहे. वर लिहिली आहे ती अपराधाची वेळ. ती शोधायला मला पोलीस लागले नाहीत; तूच ती छापून घेतली आहेस, प्रदर्शनाच्या पुस्तिकेत, पान नऊवर, फोटोच्या खाली, मुंगीच्या अक्षरात.

एरवी मी तुला ठोंब्या म्हणते आणि पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहिते. आज दोन्ही राखून ठेवले आहेत. उत्तर बघून ठरवीन.

फोटोचे नाव तू ठेवले आहेस 'निवांत'. माझ्या मागच्या अंगणातले लिंबाचे झाड, त्याची उघडी फांदी, फांदीवर अंगठ्याएवढा वटवट्या. पिसे फुगवून लोकरीचा गोळा झालेला, डोळे अर्धे मिटलेले. मागे धुके, आणि धुक्यातून गाळून आलेला हिवाळ्यातला तो उजेड, ज्यासाठी तू वर्षातून दोन दिवस माझ्याकडे राहायला येतोस आणि माझी निजायची खोली सामानाने भरून टाकतोस. परीक्षकांनी पहिला क्रमांक दिला. त्यांना फोटो बघता येतो. पक्षी बघता येतो असे दिसत नाही.

मी चौतीस वर्षे इस्पितळात एक्स-रे काढले. हे तुला सांगायची गरज नाही, पण तू विसरला आहेस म्हणून सांगते. डॉक्टर म्हणायचे, "काही नाही, घरी पाठवा," आणि मी म्हणायचे, "साहेब, इथे केसाएवढी भेग आहे, परत बघा." मला पगारच सावल्या वाचण्याचा मिळत होता.

तर तुझ्या फोटोत वटवट्याच्या उजव्या पायापासून फांदीवर एक तिरकी, राखाडी रेघ गेली आहे. ती सावली आहे, दोऱ्याएवढ्या बारीक कशाची तरी. ते 'कशाचे तरी' मात्र फोटोत कुठेच नाही. त्याच पायाचे मागचे बोट फांदीला धरून नाही. ओढल्यासारखे ताठ झाले आहे. म्हणजे तू संगणकावर बसून दोरा पुसलास आणि दोऱ्याची सावली पुसायची राहिली. मऊ उजेडात सावली पडत नाही असे तुला वाटले. मऊ उजेडात सावली मऊ पडते, ठोंब्या. (हा शब्द सवयीने गेला. तो धरू नकोस.)

पाखराचा पाय फांदीला बांधायचा, ते धडपडून दमले की फुगून गप्प बसते, मग सावकाश फोटो काढायचे, असे करणारे लोक असतात हे मला तूच सांगितले होतेस. तेव्हा तू त्यांना कसाई म्हणाला होतास. माझ्याच जेवणाच्या टेबलावर बसून.

त्या सकाळी मी चहा टाकत होते. आठ वाजून गेल्यावर दोन कप घेऊन अंगणात आले, तर तू ट्रायपॉडशेजारी उभा, दोन्ही हात कोटाच्या खिशात.

"मिळाला का?"

"मिळाला."

"मग आहे कुठे?"

"उडून गेला."

आणि चहा न पिता आत गेलास. मला वाटले, पोरगा गारठला. मी मूर्ख, तुला माझा मफलर काढून दिला.

तो दिवसच वाईट होता. त्याच दिवशी शेजारच्या स्टेशनमास्तरांनी वाटाण्याच्या वाफ्यावरची माझी जाळी कापून नेली. रिटायर झालेल्या माणसाला दुसऱ्याची बाग बघवत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्याशी भांडून माझा घसा बसला. नाहीतर तुझे त्या सकाळचे वागणे मला तेव्हाच खटकले असते.

दोनच गोष्टी लिहून कळव. पाय कशाने बांधलास, आणि त्या पक्ष्याचे काय झाले. फोटो शनिवारी, १७ तारखेला भिंतीवर लागतो आहे, 'मोकळे पक्षी' या विभागात. त्याच्या आत.

तुझी (अजून तरी)
मावशी


बुधवार, ७ जानेवारी

प्रिय मावशी,

पत्र वाचून आधी हसलो, मग परत वाचलं आणि हसू आलं नाही. मी? पक्षी बांधीन? तुझ्या अंगणात, तुझ्या लिंबाला? जखमी कावळा शाळेच्या दप्तरात घालून तुझ्या एक्स-रे खात्यात कोण घेऊन आलं होतं? आणि "याचंही कार्ड काढू का?" असं कोण ओरडलं होतं?

ती रेघ म्हणजे वरच्या एखाद्या काटकीची सावली असणार. तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन जेमतेम चार महिने झालेत. नवीन डोळ्यांना सगळीकडे भेगा दिसतात, असं तुझे डॉक्टरच सांगतील.

जरा माझ्या बाजूनेही बघ. सहा वर्षं मी लोकांच्या लग्नात "काकू, हनुवटी वर" म्हणत फिरलोय. आता कुठे पहिल्यांदा कुणी मला विचारलंय. संग्रहालयाच्या पक्षीविभागाला कायमचा छायाचित्रकार हवा आहे. विभागप्रमुख बाई हा फोटो बघूनच मला म्हणाल्या, "उद्घाटनाला भेटू, कागदपत्रं घेऊन या." कायमचा, मावशी. आईला सांगितलं तर ती फोनवरच रडायला लागली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं दुसऱ्यांचं ऐकण्यात गेली तिची. स्वतःच्या घरची चांगली बातमी तिला कधी ऐकायला मिळाली नव्हती. तिला यातलं काही कळवू नकोस, एवढं कर.

पक्षी उडून गेला. तेव्हाही हेच सांगितलं होतं, आताही तेच. थंडीत ते फुगून बसतातच, त्यात विशेष काही नाही.

हे असलं पत्रात नको. आज फोन करतो, उचल. मफलर माझ्याकडेच आहे, पुढच्या खेपेला आणतो.

तुझा
ठोंब्या


शुक्रवार, ९ जानेवारी

भाचेसाहेब,

फोन तीनदा वाजला. मी समोर बसून ऐकला. उचलला नाही, कारण फोनवर तू गोड बोलतोस, मी विरघळते, आणि शेवटी मीच विचारते की जेवलास का. जे बोलायला जीभ वळते ते लिहायला हात सहज वळत नाही. म्हणून लिही.

मोतीबिंदू काढल्यावर जास्त दिसते. कमी दिसावे म्हणून कुणी ऑपरेशन करून घेत नाही. आणि ते मोतीबिंदूचे वाक्य तू लिहायला नको होतेस. ज्याच्याकडे उत्तर असते तो माणूस समोरच्याच्या डोळ्यांवर जात नाही.

काल सकाळी सातला मी खुर्ची घेऊन लिंबाखाली बसले. तुझ्या फोटोतली फांदी सापडली; सालीवर पांढरा डाग आहे तीच. तिच्या वर वीतभर काय, हातभरही दुसरी काटकी नाही. पावणेआठच्या सुमाराला उजेड फांदीवर आला. मी माझा एक केस उपटून फांदीलगत धरला. रेघ पडली. तशीच, राखाडी, कडा विरघळलेली. सहासष्टाव्या वर्षी थंडीत केस उपटून बसले आहे, कुणासाठी?

तुझ्या विरुद्ध आणखी एक गोष्ट आहे, ती मला लिहावीशी वाटत नव्हती. १३ तारखेला रात्री जेवताना माझ्या स्वेटरचे बटण निघाले, तेव्हा तू बॅगेतून दोरा काढून दिलास. हिरवा, पीळदार, मजबूत. मी म्हटले सुद्धा, "वा, आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या शिवणाच्या सिस्टरने तुला पास केले असते." पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या पुरुषाच्या बॅगेत हिरवा दोरा कशाला? तेव्हा कौतुक वाटले. आता तो स्वेटर घालवत नाही.

शाळेत आमच्या सिस्टर म्हणायच्या, खोटे बोलणारी मुलगी एकदाच खोटे बोलते. बाकी सगळा वेळ ती ते शिवत असते. तुझ्या पत्रात टाकेच टाके आहेत. कावळा, आई, संग्रहालय. एवढ्या सगळ्यांना मध्ये घातलेस, आणि मी विचारलेल्या पक्ष्याबद्दल एक ओळ. तीही उडून गेली.

मला नोकरीचे कळते. मी काही दगडाची नाही. पण त्या बाई तुला 'मोकळ्या पक्ष्या'साठी घेणार आहेत.

आयोजकांच्या नावे मी पत्र लिहून ठेवले आहे. पाकीट बंद केले आहे, पत्ता घातला आहे, तिकीट लावायचे बाकी आहे. सोमवारी सकाळी पोस्ट उघडेपर्यंत तुझे खरे उत्तर आले नाही, तर तेही लावीन.

मावशी


रविवार, ११ जानेवारी

मावशी,

दोरा बॅगेत असतो तो लपायच्या कापडी तंबूला टाके घालायला. तो फाटतो. तो दोरा मी पक्ष्याला लावला नाही. शपथ वगैरे घालत नाही, तुझा विश्वास बसणार नाही. खाली लिहितो ते वाच, मग हवं ते कर.

त्या दिवशी मी साडेसहापासून दाराशी बसलो होतो. सात चाळीसला वाफ्याकडे फडफड ऐकू आली. तुझ्या जाळीचं वरचं टोक तू लिंबाच्या खालच्या फांदीला बांधलं होतंस, आठवतंय? त्या टोकाशी एक धागा सुटलेला होता. नायलॉनचा, केसासारखा. त्यात वटवट्याचा पाय अडकला होता. मी उठेपर्यंत धडपडून तो फांदीवर येऊन बसला होता. धागा पायापासून फांदीलगत जाळीपर्यंत ताणलेला. मी कात्री काढायला बॅगेत हात घातला.

आणि तेवढ्यात उजेड आला.

मावशी, सहा हिवाळे मी तो उजेड बघायला येतोय. धुकं असतं तेव्हा ऊन नसतं, ऊन येतं तेव्हा धुकं गेलेलं असतं. त्या दिवशी दोन्ही होतं. आणि पक्षी हलत नव्हता. हे पक्षी सेकंदभर एका जागी बसत नाहीत, तुला माहीत आहे. मी म्हटलं, दोन फोटो. मग म्हटलं, तो डोळा उघडेल तेव्हा एक. सात एक्केचाळीसला पहिला काढला. शेवटचा सात बावन्नला. त्रेसष्ट फोटो. पुस्तिकेतला आहे तो शेवटचा.

मग धागा कापला. तो उडाला नाही. हातात घेतला तर वजनच नव्हतं. कोटाच्या खिशात ठेवला, ऊब मिळावी म्हणून. तू चहा घेऊन आलीस तेव्हा तो माझ्या खिशात होता. जिवंत होता की नव्हता, मला अजून माहीत नाही. नंतर बघितलं तेव्हा नव्हता. लिंबामागे पालापाचोळ्याच्या ढिगात ठेवला.

जाळी मीच काढली. तू अंघोळीला गेलीस तेव्हा. तुकडे करून बॅगेत भरले आणि बसस्टँडच्या कचरापेटीत टाकले. तू दुसऱ्या दिवशी स्टेशनमास्तरांना काय काय बोललीस ते फोनवर मला सांगत होतीस, आणि मी "हो ना, काय माणूस आहे" म्हणालो. त्याची मला या सगळ्याहून जास्त लाज वाटते. पण खरं सांगितलं असतं तर तुला जाळीचं कळलं असतं. तू त्या पाखरांसाठी वाडग्यातलं पाणी रोज बदलतेस. तुझ्या जाळीनं एक मेला हे तुला कळू नये, असं मला खरंच वाटलं. ते खोटं नव्हतं.

आता तूच विचारते आहेस, पाय कुणी बांधला. मी नाही बांधला, मावशी.

आणि अजून एक. "आधी फिल्म, मग फुंकर." हे कुणाचं वाक्य? मी सात-आठ वर्षांचा, आईची दुपारपाळी, मी तुझ्या एक्स-रे खोलीबाहेरच्या बाकावर. आत हात मोडलेली मुलगी किंचाळतेय, तिची आई म्हणतेय "अहो, जरा थांबा," आणि तू म्हणतेस, "आधी फिल्म, मग फुंकर. हलू देऊ नका तिला." मी तुझ्याकडून शिकलो. हात हलू द्यायचा नाही, उजेड पुरता येऊ द्यायचा, मग बाकीचं.

तो कदाचित तसाही मेला असता. रात्रभराच्या थंडीनंतर त्यांच्या अंगात काही उरलेलं नसतं.

पत्र पाठवू नकोस, एवढंच मागतो. कळवलंस तर जाळीचंही निघेल. शनिवार जाऊ दे. एकदा नोकरी लागू दे, मग तू सांगशील ते करीन.

तुझा


मंगळवार, १३ जानेवारी

ठोंब्या,

आशीर्वाद अजून नाही. नाव तेवढे परत केले आहे, खरे लिहिलेस म्हणून.

पत्र तू रविवारी स्वतः पेटीत टाकून गेलास. रविवारी कुरियर चालत नाही, आणि फाटकाची कडी वर करून ठेवणारा या घरात तू एकटाच आहेस. घंटा वाजवली नाहीस. मी आत रेडिओ ऐकत होते. पत्र संध्याकाळी सापडले, दोनदा वाचले, आणि काल दिवसभर तुला उत्तर दिले नाही, कारण आधी दुसरी कामे होती.

पहिले काम लिंबामागे होते. पालापाचोळा हाताने बाजूला केला. मुंग्यांनी त्यांचे काम करून ठेवले होते. एक पंख तेवढा ओळखता आला. खड्डा केला आणि पुरला. एवढे तरी तू करायचे होतेस. कचऱ्याच्या ढिगात 'ठेवला' म्हणतोस. ठेवतात दागिने, भाचेसाहेब.

दुसरे काम शेजारी. स्टेशनमास्तर ओट्यावर पेपर वाचत होते. मला बघून त्यांनी पेपर आणखी वर धरला.

मी म्हटले, "जाळी तुम्ही कापली नव्हती. मी चुकले."

पेपरमागून आवाज आला, "कोण चुकलं?"

"मी."

"जरा मोठ्यानं. ह्या कानानं कमी येतं."

"मी चुकले! साप साप म्हणून भुई धोपटली!"

त्यांनी पेपर खाली ठेवला. "बाई, तुमची माफी अठ्ठावीस दिवस लेट आहे."

"माहीत आहे."

"असू द्या. लेट आली तरी आली, रद्द झाली नाही. जाळी कापली कुणी मग?"

मी म्हटले, "भाच्याने."

"का?"

मी म्हटले, "ते त्यानेच सांगायचे आहे." त्यांनी पुन्हा विचारले नाही, हे त्यांचे मोठेपण.

आता जाळी. ती माझी. दुकानदार म्हणाला होता, "बाई, ही बारीक आहे, पाखरं अडकतात, जाड घ्या," आणि मी म्हणाले, "मला शिकवू नका." टोक लिंबाला मी बांधले. सुटलेला धागा मी पाहिला होता. उद्या कापू म्हटले आणि आठ दिवस कापला नाही. वर तो वटवट्या काही वाटाण्याला शिवत नाही. तो शेंड्यावरची माव्याची कीड खातो. म्हणजे माझ्या बागेची फुकट राखण करणाऱ्यालाच मी फास लावला. हे मी कुणापासून लपवणार नाही, आणि ते माझ्यापासून लपवायचा अधिकार तुला कुणी दिला नव्हता. मी सहासष्ट वर्षांची आहे. मला माझी चूक पचते. आजवर पुष्कळ पचवल्या आहेत.

जाळी माझी. अकरा मिनिटे तुझी. माझ्या जाळीआड तुझी अकरा मिनिटे लपवू नकोस.

"आधी फिल्म, मग फुंकर" हे मी म्हणत होते, अगदी खरे. त्या मुलीच्या आईने मला शिव्या घातल्या होत्या, त्याही मला आठवतात. पण बाकावर बसून तू अर्धेच ऐकलेस. फिल्म नसती तर डॉक्टरांनी हाड आंधळेपणाने बसवले असते, आणि हात जन्मभर वाकडा राहिला असता. फिल्म त्या मुलीची होती. तुझे त्रेसष्ट फोटो कुणाचे हाड बसवायला होते? त्या पक्ष्याला त्यातला एक तरी लागणार होता का?

तरी तुझे ते वाक्य मला लागायचे ते लागले. घरी तुला चटका बसला तरी मी आधी "बघू दे" म्हणायचे आणि मग जवळ घ्यायचे. इस्पितळातली शिस्त मी इस्पितळात ठेवून घरी यायला हवे होते. ते मी केले नाही. एवढे माझ्या नावावर लिही. याहून जास्त नाही.

"तो कदाचित तसाही मेला असता." असेल. पण ते 'कदाचित' त्याचे होते. तेवढे एकच त्याच्याकडे होते, आणि तू ते उजेडासाठी काढून घेतलेस.

आणि मी बारा पावलांवर होते, रे. स्वयंपाकघराचे दार उघडे होते. माझ्या खणात टाके कापायची बारीक कात्री आहे, चौतीस वर्षांची, तुला ठाऊक आहे. लहानपणी तिने पतंगाचा कागद कापलास म्हणून मार खाल्ला आहेस. एक हाक मारायची होती. तू मारली नाहीस, कारण मी आले असते.

खोटे मीही बोलणार नाही, म्हणून हे लिहिते. पुस्तिका आली त्या शनिवारी पान नऊ उघडले आणि मी "वा!" म्हणाले. मोठ्याने, एकटीच. समोरच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंना नेऊन दाखवला. "माझ्या भाच्याने काढलाय, माझ्या अंगणात." त्या म्हणाल्या, "किती निवांत बसलंय पिल्लू." मी म्हटले, "हो ना." सावली मला दुसऱ्या दिवशी दिसली. म्हणजे एक दिवस मलाही पक्षी दिसला नव्हता, फोटोच दिसला होता. फोटो तेवढा सुंदर आहे. तोच घोटाळा आहे.

आता पुढचे.

आयोजकांना लिहिलेले माझे पत्र मी फाडले. घाबरून नाही. मी कळवले तर तू सापडलास असे होईल. तू कळवलेस तर तू सांगितलेस असे होईल. बाहेरच्यांना या दोन्हीत फरक वाटणार नाही कदाचित, पण मला तो फरक हवा आहे. तुझ्या आईची धाकटी बहीण म्हणून हवा आहे. ताईला मी काही सांगितलेले नाही. ते कामही तुझेच.

तू आयोजकांना लिही, आणि संग्रहालयाच्या त्या बाईंनाही तेच पत्र पाठव. पक्षी अडकलेला होता. दिसल्यावर अकरा मिनिटे सोडवला नाही. तो मेला. दोरा फोटोतून पुसला. फोटो मागे घेत आहे. जाळी कुणाची होती तेही घाल, माझ्या पूर्ण पत्त्यासकट. कुणाला येऊन मला चार शब्द सुनवायचे असतील तर मी सकाळी घरीच असते. 'परंतु' हा शब्द कुठेही नको. उजेडाचे वर्णनही नको.

नोकरी जाईल. जाणार नाही असे सांगून तुला चढवायचे माझ्या मनात नाही. अडकलेल्या पक्ष्याचा फोटो आधी काढणाऱ्याला पक्षीविभागात घ्यावे का, हे त्या बाईंनी खरे काय ते माहीत असताना ठरवावे. घेतले तर मानाने जा. नाही घेतले तर पुन्हा काकूंच्या हनुवट्या वर कर. त्यात कुणी मरत नाही.

तू लिहिले नाहीस, तर शनिवारी दहाला दार उघडले की मी आत येईन आणि त्या फोटोसमोर खुर्ची टाकून बसेन. आरडाओरडा करणार नाही, तुला ओळखही दाखवणार नाही. पण जो कोणी तिथे थांबून "किती निवांत" म्हणेल, त्याला सांगेन, "निवांत नाही हो, अडकलाय. जाळी माझी, फोटो माझ्या भाच्याचा." प्रदर्शन नऊ दिवस आहे. मला गुडघेदुखी सोडली तर दुसरा उद्योग नाही, आणि स्टेशनमास्तर कारण न विचारता म्हणाले आहेत की सोबत लागली तर तेही येतील.

फोन नको, चिठ्ठी नको, आईच्या हाती निरोप नको. दोन्ही पत्रांची प्रत, तुझ्या अक्षरात, खाली सही करून, शुक्रवारी, १६ जानेवारीला, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडली पाहिजे. पाच वाजून एक मिनिटाने आलेले उत्तर मी वाचीन, पण शनिवारची खुर्ची उचलणार नाही.

मावशी